पंप घेताना एवढे पाहा

मराठवाड्यातल्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जालना, बीड, परभणीकडूनही बायका येतात. कळा सोसायच्याच असतात, हे आईकडून-सासूकडून ऐकतच त्या मोठ्या झालेल्या असतात. तसे काही नाही. कमरेच्या मणक्यांमधून एक बारीक नळी, म्हणजे एपिड्युरल कॅथेटर, बसवून औषध देत राहिले, की वेदना पुष्कळ कमी होते आणि बाई पूर्ण शुद्धीवर राहून बाळंत होते. खासगी रुग्णालयांत पैसे मोजून जे मिळते, ते सरकारी खाटेवरही मिळायला हवे. मात्र नळी बसवली म्हणजे काम झाले, असे नाही. औषध आत कसे ढकलले जाते, यावर बरेच ठरते.

या नळीला टोकाजवळ बहुधा तीन सूक्ष्म छिद्रे असतात. पंप तासाला 10 मिलिलिटरच्या संथ गतीने सतत चालवला, तर मिनिटाला जेमतेम तीन-चार थेंब सुटतात. एवढ्याशा दाबावर औषध वाटेतल्या पहिल्या छिद्रातूनच बाहेर पडते, पुढच्या दोहोंपर्यंत पोचतच नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हे दिसले आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको: ठिबकला दाब कमी पडला, की शेवटची झाडे कोरडी राहतात. तेच 10 मिलिलिटर ठरावीक वेळाने दोन-तीन मिनिटांत एकदम दिले, तर तिन्ही छिद्रांतून बाहेर पडते आणि आत दूरवर पसरते. वैद्यकीय चाचण्यांच्या 2018च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ठरावीक अंतराच्या स्वयंचलित डोसांनी मध्येच उसळणाऱ्या वेदना कमी झाल्या आणि औषधही कमी लागले. सिझेरियनच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही.

अडचण पंपाची आहे. शिरेतून औषध देण्यासाठी घेतलेला साधा सिरिंज पंप वेगाने चालवला, की नळीच्या अरुंदपणामुळे दाब चढतो. नळी तुंबली असे समजून पंप अलार्म देतो आणि थांबतो. पंपच नसेल तर हाताने दिलेला टॉप-अप कमअस्सल मानू नये. अंगठ्याचा दाब तिन्ही छिद्रांना पुरतो. पण त्यासाठी रात्रभर प्रसूतिकक्षाजवळ भूलतज्ज्ञ हवा, आणि सरकारी रुग्णालयांत नेमकी त्याचीच चणचण असते.

आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. एपिड्युरलमधले बुपिव्हाकेन हे औषध चुकून शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून या पंपाची नळी सलाइनच्या नळीला जोडताच येणार नाही, अशी वेगळ्या जोडणीची हवी. ठळक लेबल लावणे त्याला पर्याय नव्हे.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या खरेदीत पंपांची संख्या आणि किंमत पाहिली जाते. पुढच्या निविदेत ठरावीक अंतराने डोस देण्याची सोय, बदलता येणारी दाबाची मर्यादा आणि वेगळी जोडणी, या तीन अटी लिहून घ्याव्यात. आणि त्या लिहिताना प्रसूतिकक्षातल्या भूलतज्ज्ञाला आणि परिचारिकेला शेजारी बसवावे.