नावावरून निवाडा नको

वाद्यवृंदाचे नाव ऐकताच त्याचे संगीत सैतानाचे ठरवून मोकळे व्हावयाचे, ही सवय आपल्या कुटुंबांतून अद्याप गेलेली नाही. साहिल मखिजा यांनी २००० साली मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा डेथ मेटल वाद्यवृंद स्थापिला. नावाचा अर्थ दानवी पुनरुत्थान. ज्या शब्दावर आपली सारी श्रद्धा उभी आहे तो दानवाशेजारी बसलेला पाहून मन दुखावते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दुखावलेले मन हा पुरावा नव्हे.

निवाडा करावयाचा तर आधी ऐकावे, आणि एखादे गाणे नव्हे, सारे आल्बम क्रमाने ऐकावेत. २००५ चा ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ आणि २०१० चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ ही नावे अंधाराची. २०१४ चा ‘द डीमन किंग’ दानवराजाचा. मात्र २०१७ साली त्याच वाद्यवृंदाने ‘दशावतार’ काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. जो पहिल्या पाटीपाशीच थांबला, त्यास हे वळण कसे दिसावे?

स्वीडनच्या ‘ओपेथ’चीही हीच गोष्ट. प्रोग्रेसिव्ह डेथ मेटलमधील हे मोठे नाव. २००१ च्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये गुरगुराटाशेजारी कोमल सूर आहेत, २००३ च्या ‘डॅम्नेशन’मध्ये गुरगुराट मुळीच नाही, २०११ पासून अनेक वर्षे त्यांनी तो सोडला आणि २०२४ साली पुन्हा स्वीकारला. घशातून काढलेला तो आवाज हे गायनाचे एक साधन आहे, सैतानाची प्रार्थना नव्हे.

सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकांत असुर रंगभूमीवर गर्जत येतो. त्या नटास कोणी असुरपूजक म्हणत नाही. दुःखसहनाच्या नाट्यात यहुदाची भूमिका कोणी तरी करतोच. सिस्टाईन चॅपेलच्या भिंतीवर मायकलअँजेलोने नरकाचे भय रंगविले, तेही वेदीच्या मागे! अंधार दाखविणे म्हणजे अंधाराची भक्ती, असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच कलेचा वारसा पाहावा.

श्रद्धेची टवाळी करणारे वाद्यवृंद आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांचे खंडन अवश्य करावे. पण ऐकून, समजून, शब्दांनी करावे. आज वाशीम जिल्ह्यातील रिठदच्या युवकासही हे सारे आल्बम मोबाईलवर ऐकता येतात. घरात बंदी घातली तर तो संगीत सोडणार नाही. आईवडिलांशी बोलणे सोडील. ही हानी कोणत्याही गुरगुराटाहून भयंकर आहे.

म्हणून पालकहो, एका सायंकाळी मुलाशेजारी बसा आणि ‘दशावतार’ आरंभापासून अखेरपर्यंत ऐका. आवडला नाही तर तसे सांगा. ऐकून दिलेला नकार मुलगा मानील. न ऐकता दिलेला कधीच मानणार नाही.