बिऱ्हाड हलवताना आईचे गाठोडे टाकू नका



१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. परळ, वरळी, डिलाईल रोडच्या चाळींतली अनेक कामगार कुटुंबे परवडणाऱ्या जागेच्या शोधात रेल्वेच्या कडेकडेने दूर सरकली. मिरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार होती, ती २०११ साली ८ लाखांवर गेली. आजही तिथे रोज कुणाचे तरी बिऱ्हाड उतरते. आणि टेम्पो भरताना घरातले कुणीतरी हमखास म्हणते, "या चिंध्या कशाला न्यायच्या? टाकून द्या."

ज्या घरात आई किंवा सासू गोधड्या शिवते, तिथे त्या चिंध्या नसतात, ते तिचे भांडवल असते. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती लुगडे बाजारात विकत मिळत नाही. टीव्ही आधी चढतो आणि गाठोडे मागे राहते. मग नव्या घरात ती बाई रिकाम्या हाताने बसते. चार पैसे बंद होतात आणि घरातला तिचा शब्दही हलका होतो.

धाग्याशी आपल्या समाजाचे नाते सहज जुळलेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. ज्या धाग्याला हात लावू दिला नाही, त्याच धाग्यावर आपली आई आज कमावते. तिचे सामान अडगळ कसे म्हणावे?

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. निघण्यापूर्वी कपडे निवडा. सुती वेगळे, टेरिकॉट वेगळे. सगळे कडक उन्हात वाळवून सुती चादरीत बांधा. शिलाई मशीनचा पट्टा आणि सुई काढा, डोके जुन्या कपड्यात गुंडाळा, बॉबिन-केस डब्यात ठेवा. जुन्या गिऱ्हाइकांची नावे आणि फोन वहीत उतरवून घ्या.

नव्या घरात पहिला प्रश्न जागेचा. मोठी गोधडी अंथरूनच शिवावी लागते. तिला सहा फूट लांब आणि चार-पाच फूट रुंद मोकळी फरशी हवी, शिवाय खिडकीचा उजेड. सोफा घेण्याआधी आईला विचारा, "तू कुठे बसणार?" भाईंदरला खाडी आणि मिठागरे जवळ, हवा दमट आणि खारी. सुया तेलाचे बोट लावून डबीत ठेवा, मशीन पुसून तेल घाला. पावसाळ्यात कापड प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, बुरशी धरते.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकांचा. चाळीची गॅलरी हाच तिचा कारखाना आणि तेच तिचे दुकान होते. येता-जाता बायका बघत, टाके घालू लागत, "मलाही एक शिवून दे" म्हणत. फ्लॅटचे दार बंद असते. तेव्हा सेक्रेटरीला विचारून गोधडी गच्चीवर वाळत घाला, लोकांच्या नजरेस पडू द्या. शेजारी गुजराती असो की उत्तरेकडचा, बिचकू नका. गुजरातीत ती गोदडी, हिंदीत गुदडी किंवा कथरी, कानडीत कौदी. जुने कापड जोडून ऊब करणारी आजी सगळ्यांच्याच घरात होऊन गेली आहे. एखाद्या बाळंतिणीला मऊ दुपटे शिवून द्या, ओळख आपोआप होईल.

मात्र ओळखीपोटी फुकट राबू नका. किती दिवस लागले ते मोजा, दोऱ्याचा खर्च धरा आणि दर आधी सांगा.

आणि घरच्या तरुणांनो, टेम्पोत पहिले गाठोडे आईचे चढवा.