फुकट कंपायलर की मुक्त कंपायलर?



गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला जमलेल्या मंडळींत वाद झाला. गावाकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही काहीजण वर्गणी काढून मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड पाठवणार आहोत. सॉफ्टवेअरचं काय, असं मी विचारलं. एक मित्र म्हणाला, "अरे, कंपनीच कंपायलर फुकट देते. डाउनलोड करायचा आणि मोकळं व्हायचं!"

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत. फुकट म्हणजे पैसे न घेता दिलेला. मुक्त म्हणजे ज्याचा सोर्स कोड आपल्या हातात आहे, जो बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. कंपन्या देतात तो बहुधा पहिला प्रकार. कीलच्या 8051 कंपायलरची फुकट चाचणी-आवृत्ती 2 किलोबाइटच्या पुढे जाऊ देत नाही. मायक्रोचिपचे एक्ससी16 आणि एक्ससी32 तर मुळात जीसीसीवर बांधलेले. तरी वरच्या पातळीचं ऑप्टिमायझेशन वर्षानुवर्षे लायसन्सच्या कुलपात होतं. म्हणजे विहीर गावाची आणि रहाट सावकाराचा.

विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट जरा वाढला की तो या भिंतीवर आपटतो आणि मग क्रॅक शोधतो. त्याला चोर म्हणण्याआधी त्याच्या हातात ते साधन कोणी दिलं, हे विचारायला नको?

मी स्वतः हा चटका खाल्ला आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका तापमान-नियंत्रकाचं फर्मवेअर विकतच्या कंपायलरवर बनवलं होतं. लायसन्स एका कॉम्प्युटरला बांधलेलं. तो कॉम्प्युटर मेला. कंपनीने कळवलं की ती आवृत्ती आता बंद आहे, नवी घ्या. नव्या कंपायलरने बनवलेल्या कोडचं टायमिंग वेगळं आलं, आणि कॅलिब्रेशन पहिल्यापासून करावं लागलं. ज्या प्रयोगावर आम्ही पेपर छापला होता, तो प्रयोग आम्हालाच जसाच्या तसा पुन्हा करता येईना! शास्त्रज्ञाला याहून लाजिरवाणं काय असेल? कंपायलर मुक्त असता तर त्याचा सोर्स मी प्रयोगाच्या डेटाशेजारीच ठेवला असता.

म्हणून माझं म्हणणं असं, की आधी चिप निवडून मग कंपायलर शोधू नका; आधी कंपायलर बघा. एव्हीआर घेतलं तर जीसीसी आहे, 2005 साली सुरू झालेला आर्डुइनो त्याच्यावरच उभा राहिला. एआरएम कॉर्टेक्स-एम घेतलं तरी जीसीसी आहे. कॉलेजात 8051च शिकवत असतील तर संदीप दत्ता यांनी सुरू केलेला एसडीसीसी आहे.

एसडीसीसी सर्वगुणसंपन्न आहे असं मी म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकातला कीलसाठी लिहिलेला कोड त्यावर सरळ चालत नाही. 'एसबिट'सारखे शब्द अंडरस्कोअर लावून लिहावे लागतात, पत्ता द्यायची पद्धतही वेगळी. मूळ 8051मध्ये आतली रॅम अवघी 128 बाइट, म्हणून लोकल व्हेरिएबल स्टॅकवर न जाता ठरावीक जागी बसतात. एकच फंक्शन मेन आणि इंटरप्ट दोन्हीकडून बोलावलं, तर एकाची व्हेरिएबल दुसरा पुसून टाकतो. ते फंक्शन रीएंट्रंट आहे असं सांगावं लागतं. (कीलमध्येही तेच आहे, पण तिथे कोणी तक्रार करत नाही.) आणि पिकसाठीचा त्याचा भाग सध्या कोणी सांभाळत नाही, तेव्हा मुक्त कंपायलर हवा असेल तर पिकच्या वाटेला जाऊ नये.

मित्राचा शेवटचा बाण होता जीपीएलचा: "तो कंपायलर वापरला की आपलाही कोड उघडा करावा लागतो." साफ खोटं! जीसीसीच्या रनटाइम लायब्ररींना याच कारणासाठी खास सवलत दिलेली आहे. तुमचा प्रोग्रॅम तुमचाच राहतो.

तर आम्ही एव्हीआरचे बोर्ड पाठवतो आहोत. मित्राला अजून पटलेलं नाही, पण वर्गणी त्याने दिली. अडचण एवढीच आहे की कॉलेजचं प्रॅक्टिकलचं पुस्तक 8051चं आहे आणि ते इतक्यात बदलणार नाही. त्यातले प्रोग्रॅम एसडीसीसीवर आणायला शनिवारचे दोन तास कोण देऊ शकेल? मला जरूर कळवा.