पानिपतची रात्र निळी नव्हती

व्हिडिओ गेममध्ये रात्र करण्याची ठरलेली कृती आहे. दिवसाचा नकाशा घ्यायचा, सूर्याचा जोर उतरवायचा, वर निळा रंग फासायचा आणि दर दहा पावलांवर मशाल रोवायची. झाली रात्र! सिनेमावाल्यांनीही भर दुपारी चित्रण करून अशीच रात्र विकली. पण त्यांच्यापाशी निदान मंद फिल्मची सबब होती.

पानिपतच घ्या. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. म्हणजे दिवेलागणीला अर्धा चंद्र डोक्यावर, आणि मध्यरात्र उलटल्यावर तो मावळणार. पंचांग उघडले असते तरी एवढे कळले असते. शिवाय अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, जेमतेम एकदशांश असतो. तिरप्या उन्हात चंद्रावरचे खाचखळगे स्वतःच्याच सावलीत बुडतात. एवढ्या उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत. तांबडा तर सर्वांत आधी काळा पडतो. जरीपटकासुद्धा राखाडीच दिसणार, कितीही वाईट वाटले तरी.

आणि मशाली? मशालीला तेल लागते, शेकोटीला लाकूड. वेढ्याच्या दिवसांत रात्री छावणीबाहेर लाकूडफाट्याला गेलेल्या बाजारबुणग्यांची अफगाण घोडदळाने कत्तल केली, हे काशीराजाने लिहून ठेवले आहे. त्या छावणीतल्या प्रत्येक जाळाला अशी किंमत होती. तिथे शोभेसाठी शंभर शेकोट्या पेटवणारा कलाकार अज्ञानी आहेच, शिवाय उर्मटही आहे. नकाशातल्या प्रत्येक दिव्याला धनी हवा: कोणी लावला, कशावर जळतोय, किती वेळ पुरेल. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, हे शाळेतले गणितही पाळायला हवे. मशालीपासून वीस पावलांवरच्या माणसाच्या अंगरख्याची वीण दिसते, ती कसली मशाल?

यावर ठरलेले उत्तर येते: खेळणाऱ्याला दिसायला तर हवे! हवेच. पण दिसण्यासाठी सगळीकडे उजेड लागत नाही. धुक्यात जाळापुढून गेलेली एक काळी आकृती पुरते. मशालीकडे पाहून मान वळवली की काही काळ पुढचे काही सुचत नाही, हेही खेळात आणता येते; अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. खरा आक्षेप कष्टाचा आहे. निळा थर एका क्लिकवर बसतो.

त्या रणातून जे निसटले, त्यांत अठरा वर्षांचे नाना फडणवीस होते. आपली हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. निळ्या, लख्ख नकाशात पळणारा माणूस लपणार कुठे? आजच्या पानिपतावर महामार्गाचे दिवे आहेत, रिफायनरी आहे, आभाळ नारिंगी आहे. तिथला फोटो काढून, वर निळा थर देऊन ती रात्र मिळणार नाही. एकच्या सुमारास चंद्र काढून टाका आणि मग खेळणाऱ्याला यमुनेकाठच्या त्या सपाटीवर पायी सोडा.