बोल्टवरील थेंब आणि दुरुस्तीचा खर्च

हवा मिळेनाशी झाली की घट्ट होणारे चिकटद्रव्य, ही कल्पनाच प्रथमदर्शनी विपरीत वाटते. अमेरिकेत हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली ते व्यवहारोपयोगी केले. कारागीर त्याला ‘लॉकटाइट’ या व्यापारी नावानेच ओळखतात. हवेतील प्राणवायू या द्रवाचे घनीकरण रोखून धरतो, म्हणून बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली असते. नट-बोल्टच्या आट्यांत हवा उरत नाही, लोखंडाचा वा तांब्याचा स्पर्श क्रियेला चालना देतो आणि सांधा पक्का होतो. (स्टेनलेस स्टीलवर मात्र तो रेंगाळतो.) कंपनाने बोल्ट सैल होणे, बेअरिंग बैठकीत घसरणे, पाइपचे जोड गळणे, या सर्वांवर हा एका थेंबाचा उपाय आहे.

कारखानदाराचा हिशेब येथे संपतो आणि दुरुस्ती करणाऱ्याचा सुरू होतो. वारंवार उघडावयाच्या बोल्टला कायमच्या जोडाचा प्रकार लावला, तर तो सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्याखेरीज सहसा सुटत नाही. पान्याने बळ करावे, तर बोल्टच तुटण्याची भीती. साध्या पान्याने सुटणारा सौम्य प्रकार उपलब्ध असता ही हेळसांड क्षम्य ठरत नाही. कोणत्या बोल्टला कोणता प्रकार लावला आहे, हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत छापण्यास असा कितीसा खर्च येतो?