दाराची कडी कोणाच्या हातात?



19 ऑगस्ट 2025 या दिवशी कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या रानात पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. त्याच दिवसापासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले. मुदत आधी 30 सप्टेंबरची होती. दहा दिवसांच्या आत ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. दसऱ्याला पहिली वेचणी घरात येते आणि कोरडवाहू शेतकऱ्याला डिसेंबरच्या आत दुकानदाराची उधारी, सोसायटी आणि वेचणीची मजुरी फेडावी लागते. म्हणजे आपला माल बाजारात उतरण्याचे नेमके तेच महिने सरकारने परदेशी गाठींना मोकळे करून दिले. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्याची पिके आधीच झोपवली होती.

11 टक्के म्हणजे आपल्या क्विंटलमागे किती, हा हिशोब प्रत्येकाने स्वतः मांडावा. समजा, परदेशी रुईची 356 किलोची खंडी आपल्या बंदरात 55,000 रुपयांना पडते. तिच्यावरचे शुल्क झाले 6,050 रुपये. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. शुल्क काढले की गिरणीला आपल्या कापसासाठी क्विंटलमागे पावणेसहाशे रुपये कमी देऊनही परदेशी मालाशी बरोबरी साधता येते. दहा क्विंटल विकणाऱ्याच्या घरात हा पोरांच्या शाळेचा खर्च आहे.

सरकार म्हणते, हमीभाव आहेच. 2025-26 साठी लांब धाग्याला 8,110 रुपये जाहीर झाले, हे खरे. पण तो भाव कापूस महामंडळाच्या केंद्रावर मिळतो. त्यासाठी आधी मोबाइलवर नोंदणी हवी, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत. पावसात भिजलेला कापूस घेऊन थांबायची ज्याची ऐपत नाही, तो खेडा खरेदीच्या काट्यावरच जातो. तिथे भाव हमीभावाच्या खालीच होता.

गिरणीवाल्यांची अडचण आम्ही नाकारत नाही. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले आणि कापडाच्या निर्यातीला फटका बसला. पण निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल विनाशुल्क आणण्याची अग्रिम परवान्याची सोय कायद्यात आधीपासून आहे. सरसकट माफीने देशात विकल्या जाणाऱ्या कापडाच्या गिरण्यांनाही स्वस्त कापूस मिळाला. उद्योगाला मदत करायची तर ती सरकारी तिजोरीतून करावी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून ती का? 32 मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या कापसावरचे शुल्क 2024 च्या फेब्रुवारीत काढले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तो कापूस आपल्या रानात पिकत नाही.

मागचा इतिहास पाहिला की खोड कळते. 19 एप्रिल 2010 ला कापसाच्या निर्यातीची नवी नोंदणी थांबवली. 5 मार्च 2012 ला थेट निर्यातबंदी घातली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच विरोध केला आणि आठवड्यात माघार सुरू झाली. 2021 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क आले. 2022 मध्ये भाव दहा हजारांच्या वर जाताच 14 एप्रिलपासून ते काढून टाकले. भाव चढला की निर्यातीचे दार बंद आणि आयातीचे उघडे, अशी ही रीत आहे. भाव पडला तर कोणतेच दार आपल्यासाठी हलत नाही.

हे कापसापुरते नाही. पऱ्हाटीच्या ओळीत आपण तूर घेतो, ती 2021 च्या मे महिन्यात मुक्त आयातीत टाकली. डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा विनाशुल्क आला आणि त्याच महिन्यात कांद्याची निर्यात बंद झाली. मे 2022 मध्ये गव्हाची निर्यात रोखली. स्वस्त गहू-तांदळाच्या शेजारी आपल्या ज्वारीला कोण भाव देणार?

हे सगळे होते एका अधिसूचनेने. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याने शुल्क माफ करता येते आणि 1992 च्या विदेश व्यापार कायद्याने आयात-निर्यात रोखता येते. रात्री कागद निघतो, सकाळी मोंढ्यात भाव पडतो.

आपल्यातले काही जण म्हणतात, शुल्क आणखी वाढवून मागा. आमचे मत वेगळे आहे. ज्या हाताने शुल्क लावले तोच हात ऐन हंगामात ते काढणार असेल, तर 11 काय आणि 30 काय! जगात मंदी असेल तेव्हा शुल्क असूनही भाव पडतोच. म्हणून आपले भांडण त्या हाताला नियम लावण्यासाठी असले पाहिजे. मागण्या तीन:

एक, आयात-निर्यातीचे धोरण पेरणीआधी, मे अखेर जाहीर व्हावे आणि पुढच्या मार्चपर्यंत त्यात बदल होऊ नये.

दोन, बाजारभाव हमीभावाच्या खाली असताना त्या पिकाचे आयात शुल्क कमी करू नये आणि निर्यात कधीच बंद करू नये.

तीन, हंगामात बदल केलाच, तर भावातला फरक सरकारने शेतकऱ्याच्या खात्यात भरावा.

नुसत्या घोषणांनी दिल्ली हलत नाही, आकडे लागतात. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना 2025 च्या हंगामात विकलेल्या कापसाची पट्टी सोबत आणा. पट्टी नसेल तर तारीख, वजन आणि भाव वहीच्या कागदावर लिहून, सही करून आणा. पाचही तालुक्यांचा तक्ता करून तो निवेदनाला जोडायचा आहे. त्या तक्त्यात आपल्या गावाची ओळ रिकामी राहू देऊ नका.