उजव्या पायाचे शिक्षण

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतून अभियांत्रिकी आणि वैद्यकाच्या जोडीला आता वैमानिक होण्याची भाषा ऐकू येते. ही आकांक्षा स्वागतार्हच आहे. मात्र घर तारण ठेवून लाखो रुपये भरणाऱ्या पालकांचे लक्ष व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या २०० उड्डाण-तासांवरच खिळलेले असते. त्या तासांत नेमके काय शिकवले जाते, ही चौकशी क्वचितच होते.

एक उदाहरण पुरेसे आहे. एका इंजिनाचे छोटे विमान पूर्ण शक्तीने धावपट्टीवर धावू लागले की त्याचे नाक सहसा डावीकडे वळू पाहते. हा यंत्राचा बिघाड नव्हे. अशा बहुतेक विमानांचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता उजवीकडे फिरतो. त्याच्या प्रतिक्रियेने विमानाचा भार डाव्या चाकावर येतो आणि मागे फेकला जाणारा हवेचा पिळदार झोत शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळतो. त्यात आडवा वारा असला तर विचारायलाच नको! उजव्या पायाने रडर दाबून ही ओढ सावरायची असते. पण आरंभी वेग कमी असल्याने रडर दुबळे असते आणि इंजिन मात्र पूर्ण जोरात असते. म्हणून शक्ती हळूहळू वाढवायची आणि नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवायची. तरीही विमान कडेला जाऊ लागले, तर इंजिनाचा जोर तत्काळ काढून घेऊन थांबायचे. नवशिका घाबरून नेमके उलट करतो. अपुऱ्या वेगात विमान उचलू पाहतो आणि जमिनीवरच आटोपणारा प्रसंग हवेत नेतो.

जे. आर. डी. टाटा जुहूच्या मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. आज जुहूचे आकाश गजबजलेले आहे. त्याच क्लबचे विद्यार्थी धुळ्याला उड्डाण शिकतात. डोंबिवलीची मुले धुळे, बारामती, शिरपूर गाठतात. पालकांच्या नजरेआड तेथे काय चालते? ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने चार दिवसांत कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये बारामतीलाच उतरलेल्या एका प्रशिक्षण विमानाचे पुढचे चाक निखळले आणि ते मार्ग सोडून बाजूला गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. या घटना उड्डाण घेतानाच्या नव्हेत, हे खरे. पण देखभाल आणि देखरेख यांचा प्रश्न तोच आहे. त्याच वर्षी महासंचालनालयाने देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली प्रतवारी जाहीर केली, तेव्हा वरच्या ‘अ’ श्रेणीत एकही संस्था बसली नाही.

ही प्रतवारी सार्वजनिक आहे. ती प्रवेशापूर्वी पाहावी. शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी संस्थेत जाऊन विचारावे: एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? आडव्या वाऱ्यातील सराव एकट्याच्या उड्डाणाआधी होतो की नंतर? धावते विमान मध्येच थांबवण्याचा सराव किती वेळा करून घेतला जातो? उड्डाण अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे शाबासकी मिळते की वाया गेलेल्या इंधनाचा हिशेब ऐकवला जातो, हेही तेथील विद्यार्थ्यांकडूनच समजून घ्यावे.